‘साहेब, उद्या किती येणार?’ : युक्रेनला मिळालेल्या पाश्चात्त्य मदतीबद्दल

प्रश्न असा आलाय: अमेरिका आणि युरोपने २०२२ पासून युक्रेनला तोफा दिल्या, रणगाडे दिले, क्षेपणास्त्रं दिली, शेवटी विमानंसुद्धा दिली. तरी रशिया मागे का हटत नाही? मदत वाया गेली म्हणायची, की तिच्यामुळेच युद्ध उगाच लांबलं? आणि ती आटली तर पुढे काय? विचारणारे स्पर्धा परीक्षेची तयारी करताहेत आणि त्यांना उत्तर शक्यतो एका वाक्यात हवंय.

एका वाक्यात देता येणार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी भारतीय तोफखान्यात चोवीस वर्षं काढली, पुढे देवळालीच्या तोफखाना शाळेत तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं. त्यामुळे मी या युद्धाकडे तोफेच्या मागे उभं राहून बघतो. राजकारणाचे जाणकार दुसऱ्या बाजूने बघतील, तेही बरोबरच असेल. मला मात्र वाटतं की ‘मदतीने युद्ध जिंकता येतं का’ असं विचारलं की माणूस वादात अडकतो. त्याऐवजी असं विचारा: कुठली वस्तू, किती, कुठल्या महिन्यात पोचली, आणि ती पोचेपर्यंत समोरच्याने काय करून ठेवलं होतं? असं विचारलं की या युद्धातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी माझा अनुभव सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. १९९९ च्या जूनमध्ये, कारगिल युद्धात, मी द्रासला होतो. कॅप्टन, गन पोझिशन ऑफिसर, म्हणजे तोफांच्या जागेवरून मारा चालवणारा अधिकारी. महामार्गाच्या कडेला १५५ मिमीच्या बोफोर्स तोफा, समोर शत्रूने बळकावलेलं तोलोलिंग शिखर. तोफेच्या प्रमुख हवालदाराला आम्ही ‘नंबर वन’ म्हणतो. माझ्या एका तोफेचा नंबर वन साताऱ्याकडचा होता. रोज संध्याकाळी तो एकच विचारायचा: ‘साहेब, उद्या किती येणार?’ आज किती आहेत ते त्याला दिसतच होतं, तोफेमागे ताडपत्रीखाली रचलेले. त्याला उद्याचा ट्रक हवा होता. उद्याचा ट्रक नक्की असला की वरच्या निरीक्षण चौकीने मागितलेले चाळीस गोळे मी बिनधास्त टाकायला सांगायचो. घाटात रस्ता बंद आहे असं कळलं की वीसवर थांबवायचो, आणि चढणाऱ्या पायदळाला तेवढ्यावर भागवावं लागायचं. ते न टाकलेले वीस गोळे कुणाला महागात पडतात ते मी स्ट्रेचरवर पाहिलेलं आहे.

म्हणून मदतीच्या बातम्यांमधला डॉलरचा आकडा मला फारसं काही सांगत नाही. एकूण गोळे तेवढेच असले, तरी ते नियमाने आले तर वेगळी लढाई होते आणि तीन महिने काहीच न येता मग एकदम आले तर वेगळी. रोजचा खात्रीचा पुरवठा असलेला कमांडर बेत आखतो. ज्याला खात्री नाही तो साठवतो, हात आखडता घेतो आणि समोर आलेलं लक्ष्य सोडून देतो.

आता प्रमाणाचा अंदाज घ्या. अख्ख्या कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं धरून २,५०,००० च्या आसपास मारा केला. तेव्हा आम्हाला तो प्रचंड वाटला होता, आणि होताच. युक्रेनला २०२२ च्या उन्हाळ्यात दिवसाला पाच ते सहा हजार गोळे लागत होते. म्हणजे आपलं सगळं कारगिल तिथे दीड महिन्यात संपतं. आणि रशिया त्याच्या कितीतरी पट टाकत होता.

सुरुवातीच्या लढाईबद्दल एक गैरसमज दूर करतो. २४ फेब्रुवारी २०२२ नंतरच्या पहिल्या आठवड्यांत सगळीकडे जॅव्हलिन या अमेरिकन रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचे फोटो होते. ब्रिटनने आक्रमणाच्या आधीच जानेवारीत सुमारे २,००० एनलॉ रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं पाठवली होती, त्यांचा खूप उपयोग झाला. पण कीवभोवती रशियन तुकड्यांचं कंबरडं मोडलं ते मुख्यतः युक्रेनच्या स्वतःच्या, सोव्हिएत काळातल्या १५२ आणि १२२ मिमीच्या तोफांनी. कीव युक्रेनने आपल्या हिमतीवर वाचवलं. अडचण नंतर आली. त्या तोफांचे गोळे उन्हाळ्यापर्यंत संपत आले, आणि ते बनवणारे कारखाने जगात मोजकेच, त्यातले सगळ्यात मोठे रशियातच. तेव्हा चालू लढाईत, मार खात असताना, युक्रेनच्या तोफखान्याने १५२ वरून १५५ मिमीवर जायला सुरुवात केली.

हे काय असतं ते तोफखान्यातल्या माणसालाच कळेल. नवी तोफ म्हणजे नवे फायरिंग टेबल (माऱ्याच्या हिशोबाचे तक्ते), नवे चार्ज (गोळा ढकलणारी दारू), नवे फ्यूज (गोळा फोडणारी कळ), नवी अवजारं आणि नवे सुटे भाग. एप्रिल २०२२ पासून आलेली एम-७७७ ही हलकी अमेरिकन तोफ आपल्याकडेही आहे, आपण १४५ घेतल्या. ती चालवायला शांततेत आपण माणसाला महिनोन्‌महिने शिकवतो. युक्रेनच्या लोकांनी ती काही आठवड्यांत शिकून थेट पूर्वेकडच्या डोनबासच्या आघाडीवर लावली. त्यातच फ्रान्सची सीझर, जर्मनीची पीझेडएच-२०००, पोलंडची क्राब, स्लोव्हाकियाची झुझाना, प्रत्येकीचं तंत्र निराळं. सगळ्या १५५ मिमीच्या, म्हणून सगळा दारूगोळा सगळीकडे चालेल असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात एका देशाचा चार्ज दुसऱ्या देशाच्या तोफेत घातला की गोळा नेमका कुठे पडेल याचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. पीझेडएच-२००० वर इतका मारा झाला की काही महिन्यांत त्या दुरुस्तीला आल्या, आणि दुरुस्तीचं केंद्र उभं राहिलं लिथुआनियात. आघाडीवरून तोफ उचलायची, पोलंड ओलांडून लिथुआनियाला न्यायची, परत आणायची. देणगीच्या यादीत ती तोफ मोजलेली असते. त्या आठवड्यांत आघाडीवर ती नसते.

योग्य वस्तू योग्य वेळी आली की काय होतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खेर्सोन. त्याच्यावर मी देवळालीत एक पूर्ण तास घेतला असता.

जूनच्या अखेरीस हायमार्स रॉकेट लाँचर मैदानात उतरले. सुरुवातीला फक्त ४. मारा सुमारे ८० किलोमीटरचा, पण अचूक. तोपर्यंत रशियाची पद्धत साधी होती: रेल्वेने दारूगोळा आणायचा, आघाडीपासून थोड्याच अंतरावर मोठमोठे ढीग रचायचे आणि तिथून ट्रकने वाटायचा. हायमार्सने जुलैमध्ये ते ढीग उडवायला सुरुवात केली. नोव्हा काखोव्का इथला साठा उडाला त्याचा स्फोट जगाने पाहिला. रशियाला डेपो माऱ्याबाहेर मागे न्यावे लागले. डेपो मागे गेला की प्रत्येक ट्रकची फेरी लांबते, फेऱ्या कमी होतात, आणि संध्याकाळी ‘उद्या किती येणार’ हा प्रश्न आता रशियन नंबर वन विचारू लागतो. मग नीपर नदीवरचा अँटोनिव्हका पूल. रॉकेटं पुलाला पाडत नव्हती, भोकं पाडत होती. रशियाने ती बुजवली, यांनी परत पाडली. शेवटी नदीच्या पश्चिम काठावरचं सैन्य होड्या आणि तराफ्यांवर जगायला लागलं. रस्त्यांवरच्या घनघोर लढाईशिवाय रशियाने खेर्सोन शहर सोडलं आणि ११ नोव्हेंबर २०२२ ला युक्रेनचे सैनिक आत गेले. लोक रस्त्यावर येऊन त्यांच्या गळ्यात पडले. एका प्रांताची राजधानी काही महिन्यांत मूठभर लाँचर, पुरेशी रॉकेटं, चांगली टेहळणी आणि चिकाटी यांच्या जोरावर सुटली.

पण पुढच्या वर्षी तोच लाँचर तेवढं काम करेना. रशियाने साठे विखुरले, उपग्रहाच्या संकेतांत अडथळे आणणारी यंत्रं लावली. नव्या शस्त्राचा दबदबा काही महिने टिकतो, तेवढ्यात शत्रू शिकतो. देणारा देश आठ महिने विचार करत बसला तर ते महिने शत्रूच्या पदरात पडतात.

२०२३ चं नेमकं हेच झालं. डिसेंबर २०२२ मध्ये युक्रेनचे तेव्हाचे सरसेनापती वालेरी झालुझ्नी यांनी उघड मुलाखतीत गरज सांगितली होती: सुमारे ३०० रणगाडे, ६०० ते ७०० चिलखती वाहनं आणि ५०० तोफा. पाश्चात्त्य रणगाडे द्यायचे की नाही यावर जर्मनीत आणि अमेरिकेत वाद चालला, होकार जानेवारी २०२३ च्या अखेरीस आला. प्रशिक्षण, वाहतूक, जुळवाजुळव यात वसंत ऋतू गेला. प्रतिहल्ला सुरू झाला जूनच्या सुरुवातीला. दरम्यान झापोरिझ्झियाच्या सपाट शेतांमध्ये रशियाने सुरुंगांचे पट्टे, काँक्रीटचे अडथळे आणि खंदकांच्या रांगांवर रांगा तयार केल्या. प्रतिहल्ल्याच्या पहिल्या आठवड्यातच माला टोकमाचका गावाजवळ जर्मन लेपर्ड रणगाडे आणि अमेरिकन ब्रॅडली चिलखती गाड्या सुरुंगांत अडकून पडलेल्या दिसल्या. वरून रशियन हेलिकॉप्टरं, आणि त्यांना हाकलायला युक्रेनकडे पुरेशी विमानं नाहीत. जायचं होतं अझोव्ह समुद्रापर्यंत. ऑगस्टअखेर रोबोटिने गाव मिळालं, समुद्र काही मिळाला नाही. अमेरिकेचे अब्राम्स रणगाडे पोचले सप्टेंबरच्या शेवटी. लांब पल्ल्याची अटॅकम्स क्षेपणास्त्रं पहिल्यांदा डागली गेली १७ ऑक्टोबरला. एफ-१६ विमानं तर ऑगस्ट २०२४ मध्ये आली. प्रतिहल्ल्याला ज्या गोष्टी हव्या होत्या त्या प्रतिहल्ला थकल्यावर आल्या.

यात युक्रेनच्या चुका नव्हत्या असं मी म्हणणार नाही. नव्या भरतीच्या ब्रिगेड सगळ्यात कठीण जागी घातल्या, आणि ताकद बाखमुत व दक्षिणेकडच्या दोन दिशा अशी तीन ठिकाणी वाटली. आमच्या शाळेत अशा आराखड्याला कमी गुण मिळाले असते. पण हवाई वर्चस्व नसताना खोल सुरुंगपट्ट्यातून चिलखती दल काढा, असं कुठल्याही पाश्चात्त्य सेनेने स्वतःच्या सैनिकांना सांगितलं नसतं, हेही तितकंच खरं.

सगळ्यात वाईट काळ त्यानंतरच्या हिवाळ्यात आला, आणि त्याबद्दल मला आजही राग आहे. अमेरिकी संसदेत मदतीचं विधेयक शरदापासून रखडलं. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख गोळे देऊ म्हटलं होतं, मुदत संपेपर्यंत निम्म्याच्या आसपास पोचले. १७ फेब्रुवारी २०२४ ला डोनबासमधलं आव्हदीव्हका शहर पडलं. एप्रिलमध्ये युरोपातल्या अमेरिकी सैन्याचे तेव्हाचे प्रमुख जनरल ख्रिस्तोफर कॅव्होली यांनी अमेरिकी संसदेसमोर सांगितलं की युक्रेनच्या एका गोळ्याला रशिया पाच टाकतोय, आणि काही आठवड्यांत हे प्रमाण दहास एक होऊ शकतं. दहास एक म्हणजे काय ते शब्दांत सांगणं अवघड आहे. तुमची चौकी समोर हल्ल्यासाठी जमणारी वाहनं बघते, वायरलेसवर मारा मागते, आणि मागून उत्तर येतं की थांबा, आजचे संपले. विधेयकावर २४ एप्रिलला सही झाली आणि काही दिवसांत गोळे आघाडीकडे निघाले, कारण माल युरोपातल्या कोठारांत तयार पडून होता. सही तेवढी नव्हती.

इथे मदतीचे दोन प्रकार समजून घ्या, बातम्यांत ते एकत्र मिसळलेले असतात. एक म्हणजे स्वतःच्या कोठारातून उचलून दिलेलं. ते आठवड्यांत पोचतं. दुसरं म्हणजे कारखान्याला ऑर्डर देऊन नवं बनवलेलं. ते एक-दोन वर्षांनी येतं, आणि तो पैसा बहुतेक देणाऱ्याच देशातल्या कामगारांना मिळतो. दोन्हींची घोषणा एकाच पत्रकार परिषदेत होते आणि वाचणाऱ्याला वाटतं की सगळं परवा तोफेपाशी असेल.

मग कारखाने वाढवायला एवढा वेळ का? १५५ मिमीचा गोळा म्हणजे पंचेचाळीस किलोच्या आसपासचं घडीव पोलाद, आत स्फोटक. नाकाला फ्यूज वेगळा, मागून ढकलणारा चार्ज वेगळा, तो पेटवणारा प्रायमर वेगळा. चारांपैकी एक नसला की बाकी तीन निरुपयोगी. २०२२ च्या आधी अमेरिका महिन्याला सुमारे १४,००० गोळे बनवत होती, युक्रेनची जेमतेम तीन दिवसांची गरज. युरोपात टीएनटी मोठ्या प्रमाणावर बनवणारा कारखाना उरला होता तो पोलंडमधल्या बिडगोश्चचा. आणि चार्जसाठी लागतं नायट्रोसेल्युलोज, ते बनतं कापसापासून. जिनिंग झाल्यावर सरकीला चिकटून राहते ती बारीक लव, तिच्यापासून. विदर्भातल्या वाचकांना ती लव हाताला ठाऊक असेल, आणि भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत काम केलेल्यांना तिचं पुढे काय होतं तेही. युरोपचे कारखाने या लवेसाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून होते. तीस वर्षं शांतता गृहीत धरून बंद केलेली साखळी चेकबुक काढलं म्हणून लगेच सुरू होत नाही. त्यात चेक प्रजासत्ताकाने २०२४ मध्ये जगभर फिरून तयार गोळे शोधले, राष्ट्राध्यक्ष पेत्र पावेल यांनी फेब्रुवारीत ८,००,००० गोळ्यांचा पत्ता लागल्याचं जाहीर केलं. माझ्या मते त्या वर्षातली ही सगळ्यात शहाणपणाची मदत होती.

शस्त्राबरोबर परवानगी लागते हेही विसरू नका. १० मे २०२४ ला रशियाने खार्किव्हच्या उत्तरेला, वोव्हचान्स्ककडे नवी आघाडी उघडली. तुकड्या सीमेपलीकडे जमताना दिसत होत्या, पण अमेरिकन शस्त्रं रशियाच्या हद्दीत वापरायला बंदी होती. ती त्या भागापुरती उठली महिन्याच्या अखेरीस. अणुयुद्धाची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. ज्यांच्यावर ती जबाबदारी होती त्यांना सावध राहावंच लागतं. पण प्रत्येक वेळी ‘हे दिलं तर फार होईल’ म्हणून थांबले आणि नंतर तेच दिलं. तोपर्यंत त्याचा निम्मा उपयोग गेलेला होता.

काही गोष्टी मदतीच्या हातात नसतात. माणसं देता येत नाहीत. युक्रेनने सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ केलं ते एप्रिल २०२४ मध्ये, फार उशिरा, आणि खंदकातलं पायदळ दमलेलं आहे. रशियाला उत्तर कोरियाकडून गोळे मिळाले, इराणकडून शाहेद ड्रोनचं तंत्र मिळालं. तेव्हा ‘सगळं वेळेवर दिलं असतं तर युद्ध २०२३ मध्ये संपलं असतं’ असं छातीठोक कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. पुष्कळ जमीन आणि पुष्कळ माणसं वाचली असती, एवढं मात्र ठामपणे म्हणेन.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: मदतीमुळे युद्ध लांबलं का? लढाई लांबली, हो. पण मदत नसती तर काय झालं असतं ते मार्च २०२२ च्या अखेरीस रशियन सैन्य कीवजवळच्या बुचा गावातून निघाल्यावर दिसलं. चारशेहून जास्त नागरिकांचे मृतदेह, काहींचे हात मागे बांधलेले. ताबा मिळाल्यावर गोळीबार थांबतो, हे खरं. त्याला शांतता म्हणायला माझी जीभ धजत नाही. आणि लढायचं की नाही हे युक्रेनने ठरवलं, पहिल्या रात्री, जेव्हा बहुतेक मदत यायची होती.

मदत आटली तर काय, असंही तुम्ही विचारलंय. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने शस्त्रं आणि गुप्त माहिती दोन्ही काही दिवस थांबवली होती, नंतर सुरू केली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापासून युरोपीय देश अमेरिकन शस्त्रं विकत घेऊन युक्रेनला देऊ लागले आहेत. हवाई संरक्षणात याला पर्याय अजून नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र पाडायला मुख्यतः पॅट्रियट ही अमेरिकन यंत्रणाच लागते आणि त्याची क्षेपणास्त्रं मोजकीच बनतात. बाकी बाबतीत युक्रेन स्वतःच्या पायावर उभं राहतंय. तिथल्या सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये २० लाखांहून अधिक ड्रोन देशातच बनले, आणि आज आघाडीवर तोफेपेक्षा ड्रोनने होणारी हानी मोठी आहे. मी तोफखान्याचा माणूस असूनही हे सांगतो.

बोहदाना नावाची युक्रेनची स्वतःची १५५ मिमीची तोफ आहे. आक्रमण झालं तेव्हा ती जगात एकच होती, चाचणीसाठी बनवलेली. तीच नेऊन त्यांनी काळ्या समुद्रातल्या स्नेक बेटावर मारा केला, आणि ३० जून २०२२ ला रशियाने ते बेट सोडलं. २०२४ मध्ये डेन्मार्कने वेगळा मार्ग काढला: आपल्या कोठारातून देण्याऐवजी पैसा थेट युक्रेनच्या कारखान्यांना द्यायचा. त्या पैशातून आधी १८ बोहदाना बनल्या, आणि वर्षअखेरीपर्यंत कारखाने महिन्याला वीसच्या आसपास तोफा काढू लागले. तोफ घरची, दुरुस्ती घरची, लिथुआनियाची फेरी नाही. तिचे गोळे मात्र अजून मुख्यतः बाहेरून येतात, आणि तिच्या मागे उभा असलेला नंबर वन आज संध्याकाळीही आपल्या साहेबाला तेच विचारत असेल.